खोलीच्या चार कोपऱ्यांतलं मीठ

मीठ आधी माझ्या तळपायाला कळलं. लेकीच्या खोलीत केर काढायला गेले होते, चपला बाहेर काढलेल्या, आणि कपाटाशेजारच्या कोपऱ्यात पायाला काहीतरी टोचलं. वाकून बघितलं तर जाडं मीठ, मिठागरातलं, करड्या रंगाचं. आमच्या घरात पिशवीतलं बारीक मीठ वापरतात. दुसऱ्या कोपऱ्यात गेले, तिथेही तेच. तिसऱ्यात, चौथ्यात. उंबऱ्याच्या आतल्या अंगाला एक पुसटशी रेघ. पलंगावर लेक डाव्या कुशीवर झोपली होती, पाचवा महिना लागलेला, आणि मी केरसुणी घेऊन मध्येच उभी. मनात पाल चुकचुकली म्हणणं कमी होईल, पालींचं अख्खं बिऱ्हाडच चुकचुकलं.

माझ्याबद्दल आधीच सांगून टाकते. तीस वर्षं मी शाळेत हेडक्लार्क होते. जन्माच्या दाखल्यावर तिनाचा आठ केलेला मला दारातून दिसायचा. आजारपणाच्या रजेचा अर्ज आला की मी आधी माणसाचा चेहरा बघायची, मग कागद. मुख्याध्यापक म्हणायचे, बाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. मला ते ऐकायला आवडायचं. निवृत्त झाले तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणं झाली. पण ती नजर काही कुणी परत मागितली नाही. ती माझ्याबरोबर कारापूरला घरी आली.

लेक पेडण्यात दिली आहे, म्हणजे माझ्या माहेरच्याच तालुक्यात. जावई विमानतळावर नोकरीला. लग्नाला सहा वर्षं झालेली आणि दोनदा पोटातलं गेलेलं, एकदा तिसऱ्या महिन्यात, एकदा चौथ्या. या वेळी डॉक्टरांनी सांगितलं, बाथरूमला जाण्यापुरतं उठायचं, बाकी पडून राहायचं, आणि रोज सकाळी पोटात एक इंजेक्शन. मी म्हटलं, इकडे पाठवा. तिकडे सासू होती, मायेने करणारी होती, असं सगळे म्हणत. पण माझा त्या बाईवर विश्वास नव्हता, आणि तो का नव्हता ते सांगायचं तर तुरटीचं सांगायला हवं.

आमच्याकडे गोव्यात दिष्ट, म्हणजे दृष्ट, काढतात ती मीठ, सुक्या मिरच्या आणि तुरटीने. माणसावरून ओवाळायचं आणि निखाऱ्यावर टाकायचं. मिरचीचा ठसका आला नाही तर दिष्ट होती असं समजायचं. तुरटी फुगते, तडतडते आणि थंड झाली की तिला काहीतरी वेडावाकडा आकार येतो. ज्या माणसाची दिष्ट, त्याचा चेहरा त्यात उमटतो म्हणतात. हे सगळ्यांना ठाऊक असतं. बायका बघतात, एकमेकींना चिमटे काढत हसतात आणि तुरटी फोडून माडाच्या बुंध्याशी टाकून देतात. मी फोडत नसे. मी चष्मा लावून ती वाचायची.

पहिलं गेलं तेव्हा तुरटीत मला पुढे आलेली हनुवटी दिसली. विहीणबाईंची हनुवटी तशीच आहे. मी त्याच संध्याकाळी फोन करून त्यांना सुनावलं. काय सुनावलं ते लिहीत नाही, लाज वाटते. दुसऱ्या वेळी डोक्यावरचा पदर आणि बसकं नाक दिसलं. ही आमच्या शेजारची माझी जाऊ. आठवड्यापूर्वीच ती लेकीसाठी पातोळ्या घेऊन आली होती. तिच्या-आमच्या अंगणांमध्ये दगडांचा गडगा आहे, त्यातल्या फाटकाला मी कुलूप घातलं. ते अजून उघडलं नव्हतं.

तर अशा माझ्या घरात मीठ सापडलं होतं. घालणारी कोण, हे शोधायला मला चष्माही लागला नाही. त्या खोलीत बाहेरची एकच बाई यायची.

तिला आम्ही नर्सबाय म्हणायचो. बार्देशातली ख्रिस्ती बाई, लग्न करून साखळीत आलेली. नवरा खाणीच्या ट्रकवर होता, तो वारला. नर्सिंग होममधून निवृत्त झाल्यावर ती घरोघर जाऊन इंजेक्शनं द्यायची. आमच्या बाजूला ख्रिस्ती घरं मोजकीच. सकाळी चर्चमधली मिस आटपून ती आठच्या सुमारास स्कूटरवरून यायची, डिकीत पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, गरम उंडे असायचे, त्यातले दोन ती लेकीच्या उशाशी ठेवायची. माझ्याशी दोन शब्द, लेकीशी दोनशे. इंजेक्शन देऊन झालं की अंगठ्याने लेकीच्या कपाळावर खुरीस, म्हणजे क्रूस, काढायची आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची. ते मी पहिल्या दिवशीच बघितलं होतं आणि सोडून दिलं होतं. आपण नाही का देवाला नमस्कार करून गाडी सुरू करत, तसं. पण कपाळावरचा खुरीस वेगळा आणि कोपऱ्यातलं मीठ वेगळं.

माझ्या डोक्यात दोन भीती एकदम शिरल्या. एक करणीची, ती माझ्या आजीपासूनची. दुसरी नवी, आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर रोज येऊन पडणारी: गोड बोलून घरात शिरतात, आजाऱ्याला एकटं गाठतात आणि बाटवतात. खरं म्हणजे या दोन भीतींचा एकमेकींशी मेळ बसत नव्हता. मारायचं असेल तर बाटवायचं कशाला? पण भ्यालेलं माणूस असला हिशोब करत नाही. मी दोन्ही भीती जवळ ठेवून घेतल्या.

मग मी रीतसर चौकशी सुरू केली. लेक आंघोळीला गेली की गादीखाली हात घालायची. दुसऱ्याच दिवशी माडाच्या पातीचा विणलेला छोटा खुरीस मिळाला, सुकून पिवळा पडलेला. ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये आशीर्वाद देऊन पाती वाटतात आणि ख्रिस्ती लोक त्या वर्षभर दारामागे खोचून ठेवतात, एवढं मला माहीत होतं. दारामागे ठेवायची गोष्ट माझ्या लेकीच्या पोटाखाली कशाला? तिसऱ्या दिवशी उशी चाचपताना काहीतरी कडक लागलं. अभ्र्याच्या आतल्या शिवणीत एक बारकं ख्रिस्ती पदक शिवलं होतं, निळ्या दोऱ्याने. आमच्या घरात निळा दोरा नव्हता. मी तो दोरा उजेडात धरून बघितला, बाहेरून आलेला दोरा, आणि मनाशी म्हटलं, सापडलीस. टाके बारीक होते, एकसारखे, प्रत्येक तिसरा टाका उलटा घेतलेला. तेही मला दिसलं होतं. पण मी दोऱ्याच्या मागे लागले होते.

चौथ्या दिवशी दाराआड उभं राहून तिचं पुटपुटणं ऐकलं. ‘वायटापासून हिका राख,’ असं काहीतरी म्हणाली, आणि पुढे, ‘देवचाराक धांवडाय.’ माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ख्रिस्ती लोक सैतानाला देवचार म्हणतात हे मला कळत नव्हतं असं नाही. पण आमच्या वाड्यावरचा राखणदार देवचारच. गेल्या अवसेला मी स्वतः त्याच्या दगडापाशी मेणबत्ती लावून उंडा ठेवून आले होते, लेकीला सांभाळ म्हणून. आणि ही त्याला हाकलायला निघाली! मला तेव्हा एवढंही सुचलं नाही की तिचीही मेणबत्ती, माझीही मेणबत्ती, आणि उंडा तर एकाच पोदेराचा.

त्या दुपारी लेकीला डोळा लागला तेव्हा मी कागदाने चारी कोपऱ्यांतलं मीठ भरलं. उंबऱ्यावरची रेघ ओल्या फडक्याने पुसली. खुरीस काढला. उशी हळूच सरकवून पदक उसवलं. सगळं जुन्या फडक्यात बांधून तिठ्यावर नेऊन टाकलं आणि मागे न बघता घरी आले. मग पलंगाखाली लिंबू ठेवलं, लेकीच्या पायाला काळा दोरा बांधला, कपाळाला अंगारा लावला. ती झोपेतच होती. मला फार बरं वाटलं. शाळेत एखादा खोटा दाखला पकडल्यावर वाटायचं ना, तसं.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता नर्सबाय आली तेव्हा मी रस्त्याकडच्या फाटकाला कडी घालून अंगणात उभी होते.

‘वयनी, इंजेक्शन दिवंक जाय,’ ती म्हणाली. ‘वेळ जाता.’

‘माका सगळा कळला,’ मी म्हटलं. ‘त्या खोलीत तू काय काय घालतंस ता. मी सगळा भायर टाकलंय. आता तू पण भायर.’

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने स्कूटर बंद केली. ‘सगळें टाकलें?’ तिने विचारलं. ‘तिका सांगलें तुवें?’

‘माझ्या घरातला मी टाकलंय. तिका सांगूक कित्याक होया?’

ती काहीतरी बोलणार होती, पण ओठ मिटून घेतले तिने. दोन उंडे गडग्यावर ठेवले. ‘इंजेक्शन चुकयनाका, वयनी,’ एवढंच म्हणाली आणि स्कूटर वळवून गेली. त्या ओठ मिटण्याचाही मला संशय आला. पकडलं गेलं की माणूस असंच गप्प होतं, मला तीस वर्षांचा अनुभव होता.

दुसऱ्या नर्सला फोन केला, ती म्हणाली दहापर्यंत येते. नऊला लेकीने हाक मारली. आंटी का आली नाही, म्हणून विचारलं. मी पलंगाच्या कडेला बसून सगळं सांगितलं, काहीही न गाळता, अगदी निळ्या दोऱ्यापर्यंत. मला वाटलं ती घाबरेल आणि माझा हात धरेल. तिने आधी गादीखाली हात घातला, मग उशी उलटी केली. 

‘कुठे टाकलंस?’

‘तिठ्यावर.’

ती उठली. दोन महिने जिला मी कुशीवर वळतानासुद्धा धरत होते ती एकटी उठली, अनवाणी अंगणात गेली, फाटकाची कडी काढायला लागली. मी मागून ओरडतेय, अगो, पडून राहा. कडी घट्ट बसली होती, ती दोन्ही हातांनी ओढत होती. मग ती तिथेच फाटकाला धरून खाली बसली आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, ‘आई, दुखतंय.’

इस्पितळात डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बाळाचे ठोके आहेत, पण तीन-चार दिवस इथेच ठेवायचं आणि हिला कसलाही ताण नको. जावई पेडण्याहून आईला घेऊन आला. विहीणबाई आत गेल्या तेव्हा लेकीने त्यांचा हात धरला. मी पुढे झाले तशी ती भिंतीकडे वळून म्हणाली, ‘आई, तू बाहेर बस.’  हनुवटीवाली आत, आणि मी बाहेर बाकावर.

बाकावर बसूनही मी स्वस्थ नव्हते. मिठामुळे झालं की मीठ काढल्यामुळे? तिने पोरीला भारून ठेवलं असणार, म्हणून तर ती अशी उठली. आणि ठोके आहेत म्हणाले, ते आपल्याला बरं वाटावं म्हणून तर म्हणाले नसतील? नर्स हातात फाइल घेऊन गेली तरी मी तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायची. इतका संशय मी आयुष्यात एका दिवसात कधी घेतला नव्हता, आणि इतकी भीतीही मला कधी वाटली नव्हती. हे मूल गेलं तर लेक परत माझ्याशी बोलणार नाही, हे मला त्या बाकावर स्वच्छ कळत होतं.

दुसऱ्या दिवशी जावई बाहेर आला. ‘ती नर्सबायला बोलवा म्हणतेय. घर कुठे तिचं?’ मी म्हटलं, ‘मी जाते.’ त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्यावर त्याचा विश्वास नव्हता. तो तरी कशाला ठेवेल?

साखळीला उतरले तेव्हा दुपार झाली होती. तिचं घर दोन खोल्यांचं, दारामागे माडाच्या पातीचे तसेच खुरीस खोचलेले, भिंतीवर लाकडी देवघर, त्यात तलवार घेतलेला देवदूत, पायाखाली काळा सैतान चिरडलेला. तिने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. काय झालं हे तिला कळलं होतं. मी माफी मागायला गेले होते असं मला आता वाटतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच.

‘माका एकच सांग. ता मीठ कोणाच्या विरुद्ध घातलं होतंस? नाव सांग.’

 ‘हांव नांव विचारिना, वयनी,’ ती म्हणाली. ‘नांव विचारलें म्हणटकच वायट भितर सरता. मीठ तुज्या चलयेन मागलें. खुरीस तिणेंच मागलो.’

‘माझ्या लेकीन मागलां? कित्याक?’

‘तें तूं तिका विचार.’

ती उठली, तोंड धुतलं, देवघरातल्या बरणीतलं मीठ हातरुमालात बांधलं आणि चपला घातल्या. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. 

तिला बघून लेक रडली. नर्सबायने कपाळावर खुरीस काढला, डोक्यावरून हात फिरवला. मी दारात उभी होते. ‘आईला आत येऊ दे,’ लेक म्हणाली. विहीणबाई उठून बाहेर गेल्या, जाताना माझ्या अंगाला अंग लागू नये म्हणून दाराला चिकटून गेल्या.

‘आई, ते मीठ तुझ्यासाठी होतं,’ लेक म्हणाली.

मला कळलं नाही.

‘पहिलं गेलं तेव्हा मला तुझ्या कुशीत रडायचं होतं. तू तुरटी घेऊन खिडकीत बसली होतीस. तू फोन केलास, पण मला राहायचं होतं त्याच घरात. सासूबाई मला पाण्याचा तांब्यासुद्धा हातात देत नाहीत, टेबलावर ठेवतात. उद्या काही झालं तर आपलंच नाव येईल, म्हणून भितात. काकीने मला लहानाची मोठी केली, ती गडग्यापलीकडून नुसती खोकते. या वेळी काही झालं असतं तर तू कुणाचा चेहरा काढला असतास, आई? रोज पडल्या पडल्या मी हेच मोजायची, आता कोण राहिलं. आंटीला मी विचारलं, घरातल्या माणसाच्या संशयापासून राखायला तुमच्याकडे काही असतं का. ती म्हणाली, प्रार्थना असते. मी म्हटलं, हाताला लागेल असं काही दे.’

खरं सांगते, त्या क्षणीही माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की हे बोलणं हिला नर्सबायने शिकवलंय. मी तिच्याकडे बघितलंही. ती खाली मान घालून रुमालाची गाठ सोडत होती. मग माझी नजर उशीकडे गेली. घाईत घरचीच उशी आणली होती. अभ्र्याच्या शिवणीत मी उसवलेल्या जागी निळ्या दोऱ्याचे दोन टाके राहिले होते, त्यातला एक उलटा. तिसरा टाका उलटा घ्यायचा म्हणजे शिवण उसवत नाही. हे मी तिला शिकवलं होतं, ती चौथीत असताना, परकराच्या कडेवर. निळं रीळ तिच्या सासरच्या शिवणाच्या डब्यातलं असणार. कोणतं अक्षर कुणाचं हे मी आयुष्यभर ओळखत आले, आणि माझ्याच लेकीचा टाका माझ्या हातात होता तेव्हा मी दोऱ्याचा रंग बघत बसले.

 मी खाली बसले आणि तिच्या पायातला काळा दोरा सोडायला लागले. गाठ सुटेना. नर्सबायने पिशवीतली कात्री काढून दिली.

पुढे सगळं सुखरूप झालं, नात आता भिंतीला धरून उभी राहते. विहीणबाई माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात, आणि त्यांची चूक नाही. गडग्याच्या फाटकाचं कुलूप मी काढलं, पण जाऊ अजून रस्त्यावरूनच जाते. मला मात्र सारखी आठवते ती लेक इस्पितळातून घरी आली ती सकाळ.

मी खोली आधीच पुसून ठेवली होती, पलंगाखालचं लिंबू काढलं होतं. नर्सबायने इंजेक्शन दिलं, नवा खुरीस गादीखाली सरकवला. मग रुमालातलं मीठ घेऊन एकेक कोपरा केला. शेवटी उंबऱ्यापाशी येऊन ती वाकली आणि मान वर करून तिने मला विचारलं, ‘वयनी, तूं भितर काय भायर?’

मी पलंगाकडे बघितलं. लेक छताकडे बघत होती. मी बाहेर गेले. माझ्या पायापुढे नर्सबायने रेघ ओढली, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि हात झाडून अंगणात निघून गेली.

मी तिथेच उभी होते. मग मी लेकीला विचारलं, ‘आत येऊ?’ असं मी तिला आयुष्यात कधी विचारलं नव्हतं.

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, ‘ये. पण चष्मा बाहेर ठेवून ये.’

मी चष्मा काढून टीव्हीवर ठेवला. चष्म्याशिवाय मला रेघ नीट दिसेना, म्हणून पाय उंच उचलून टाकला.